नाताळच्या खाण्यापिण्याचा हिशोब: आधी माणसं मोजा, मग सामान

आमच्या घरी नाताळची यादी नेहमी सामानापासून सुरू व्हायची. मैदा, साखर, बटर, मनुका, मटण. आई सांगत जायची, आम्ही लिहीत जायचो, आणि मग बाबा विचारायचे, "किती होतील?" एका वर्षी, मला वाटतं मी तेव्हा नुकती कमवायला लागले होते, आम्ही सगळं भरपूर आणलं. तरी २६ तारखेला दुपारी केक संपला होता आणि करंज्यांचा अख्खा डबा तसाच पडून होता. मधल्या आठवड्यात गल्लीतल्या दुकानातून दोनदा सुकामेवा आणि तीनदा तेल आलं होतं, मिळेल त्या भावात. जानेवारीत मुलांच्या सहलीचे पैसे भरताना घरात जी शांतता पसरली, ती मला आजही आठवते.

त्यानंतर मी वही घातली. आता आमची नाताळची खरेदी सुरू होते ती माणसांच्या यादीने. कोण जेवायला येणार, कोणाकडे ताट जाणार, कॅरलवाले (नाताळची गाणी म्हणत घरोघरी येणारी मंडळी) किती, दारावरून कोण चहाला आत येणार, हे आधी ठरतं. सामान त्यातून आपोआप निघतं. पुण्यात राहणाऱ्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाचा हा हिशोब आहे. आमचा फराळ दिवाळीसारखाच असतो, फक्त त्यात केकची भर. वसईला किंवा गोव्यात राहत असाल तर पदार्थ बदलतील. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पद्धत मात्र तीच चालेल.

पहिली पायरी: माणसांची यादी, आणि तीही दिवाळीपासून

दिवाळीत आपल्याकडे ज्या घरांतून ताटं येतात, ती त्याच दिवशी वहीत लिहा. यंदा, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे मोजणीला नाताळच्या आधी दीड महिना मिळतो. ताट रिकामं परत करायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात शेजाऱ्यांचे जे स्टीलचे डबे परत जायचे राहिलेले असतात, तीच खरी यादी. मी दरवर्षी नोव्हेंबरात ते डबे काढून ओट्यावर मांडते. कुलकर्णी काकूंचा कडीचा डबा, वरच्या मजल्यावरचा निळ्या झाकणाचा, भाजीवाल्या मावशींचा छोटा पितळी. डबे मोजले की अर्धी ताटं मोजून होतात.

मग पाच रकाने करा. आमचे गेल्या वर्षीचे, म्हणजे डिसेंबर २०२५ चे, असे होते:

२५ तारखेचं दुपारचं जेवण: १४ जण, त्यात १० मोठे, ४ लहान.
फराळाची ताटं: २२ घरं.
कॅरलची मंडळी: साधारण २५, एकाच रात्री.
२५ ते १ या आठवड्यात येऊन-जाऊन: ३० च्या आसपास.
३१ च्या रात्रीच्या उपासनेनंतर घरी जेवायला: ८.

आणि एक ताट बिननावाचं. मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, कोणी आजारी पडतं, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाकडे त्या वर्षी दुःख झालेलं असतं. पाळकसाहेब निरोप देतात किंवा आपल्यालाच कळतं. ते ताट आधीपासून यादीत असलं की ऐन वेळी दुसऱ्या कोणाचं कमी करावं लागत नाही. हे ताट मी कोणत्याही तंगीच्या वर्षी गाळलेलं नाही आणि तुम्हीही गाळू नका, असं मनापासून सांगते.

दुसरी पायरी: ताटात काय आणि किती

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात. आई आठ-नऊ प्रकार करायची. मी पाचांवर आले: करंजी, चकली, शंकरपाळी, चिवडा, केक. अनारसे आणि बेसनाचे लाडू सोडले. प्रत्येक नव्या प्रकाराबरोबर त्याचं वेगळं सामान येतं, अर्धा किलो लागतं तिथे किलो घ्यावं लागतं, आणि उरलेलं डब्यात जाळी धरतं. पाच प्रकार भरपूर दिले तर ताट भरलेलं दिसतं. नऊ प्रकार एकेक दिले तर सामानही जास्त लागतं आणि ताट रितंच वाटतं.

एका ताटाचं आमचं माप: ४ करंज्या, ४ चकल्या, १५० ग्रॅम शंकरपाळी, १०० ग्रॅम चिवडा, केकचे २ काप. म्हणजे २२ ताटांना ८८ करंज्या आणि ८८ चकल्या. घरच्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी साठ-साठ धरल्या की दीडशे-दीडशेवर आकडा येतो.

आता पदार्थावरून सामान काढायचं. ही मापं माझ्या हाताची आहेत, तुमच्या हाताला थोडी इकडेतिकडे होतील, पण सुरुवात करायला चालतील:

१ किलो मैद्याच्या मध्यम आकाराच्या ७५ करंज्या होतात. दीडशेला २ किलो मैदा आणि सारणाला १ किलो सुकं खोबरं.
१ किलो भाजणीच्या ६० चकल्या. दीडशेला अडीच किलो.
१ किलो मैद्याची, तूप-साखर धरून, पावणेदोन किलोच्या आत-बाहेर शंकरपाळी होते. ६ किलो हवी तर साडेतीन किलो मैदा.
चिवडा ५ किलो, त्याला ३ किलो पातळ पोहे. कॅरलवाल्यांना देतो तो यातलाच.
पाव किलो मैदा, पाव किलो बटर, पाव किलो साखर, ५ अंडी आणि पाव किलो सुकामेवा यांचा एक केक सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्याचे २० काप. आम्हाला १०० काप लागतात, म्हणून ५ केक.

करंज्यांची मोजणी एकदा नीट करून पाहा. पहिल्या घाण्याला पिठाचा गोळा वजनकाट्यावर ठेवा. माझी लाटी १८ ग्रॅमची असते, माझ्या जाऊबाईंची २५ ची. दोघी एकाच परातीतून करायला बसलो तर दीडशेच्या सव्वाशे होतात, आणि कमी का पडल्या हे कोणालाच कळत नाही. आता पहिली लाटी मी करते, ती परातीच्या कडेला ठेवते, आणि सगळ्या बायका-मुलं तेवढीच घेतात.

तिसरी पायरी: भाव लिहून बेरीज

डिसेंबर २०२५ मधले आमच्या वहीतले आकडे असे आहेत. पुण्यातले भाव आहेत. तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा.

फराळ आणि केक

मैदा ७ किलो: २९४ रुपये
साखर ६ किलो, चहाची धरून: २७०
सुकं खोबरं १ किलो: ३६०
रवा, खसखस, वेलची, जायफळ: २००
भाजणीचं धान्य आणि दळणावळ: २५०
पोहे, शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता: ३८०
तूप १ किलो: ६४०
तेल ५ लिटर: ७५०
बटर सव्वा किलो: ७२०
अंडी ३०: २३०
केकचा सुकामेवा सव्वा किलो: ६३०
बेकरीत केक भाजून घ्यायचे, ५ टिन: ३००
कागद, डबे, दोरा: ३००
एकूण ५,३२४ रुपये.

२५ तारखेचं जेवण

मटण ३ किलो: २,३४०
चिकन दीड किलो: ३६०
तांदूळ दीड किलो: १८०
पनीर अर्धा किलो: २००
खिरीचं दूध आणि शेवया: २५०
कांदे, टोमॅटो, कोथिंबीर, दही, मसाला: ५७०
एकूण ३,९०० रुपये.

बाकी

कॅरलच्या रात्रीचा चहा: ३००
आठवडाभराचा चहा आणि संत्री: ६००
३१ च्या रात्रीचं चिकन वगैरे: ६६०
गॅस, अर्ध्या सिलिंडरचा अंदाज: ४५०
एकूण २,०१०.

सगळं मिळून ११,२३४. त्यावर दहा टक्के हाताशी ठेवले की १२,३५७. आम्ही साडेबारा हजार धरले.

गॅस बहुतेकांच्या यादीत नसतो. तो लिहाच. १४.२ किलोचं सिलिंडर एरवी दीड महिना पुरतं आणि फराळाच्या दिवसांत डोळ्यांदेखत संपतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरं भरलेलं घरात असू द्या.

मटणाचा हिशोब लोक हमखास चुकवतात. हाडासकट कच्चं मटण मोठ्या माणसाला २०० ते २५० ग्रॅम आणि लहानाला १०० ग्रॅम पुरतं, जर सोबत चिकन, भात आणि गोड असेल तर. १० मोठे आणि ४ लहान म्हणजे पावणेतीन किलो, म्हणून ३ आणलं. "असू दे, पाच किलो घे" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. तो एक शब्द दीड हजार रुपयांचा असतो.

चौथी पायरी: पैसे कुठून आणि कसे ठेवायचे

साडेबारा हजार डिसेंबरच्या पगारातून काढायचे म्हटले तर जानेवारी कोरडा जातो. बहुतेक ठिकाणी बोनस दिवाळीला मिळतो आणि नाताळ येईपर्यंत तो घरभाड्यात, विम्यात विरून गेलेला असतो. म्हणून जानेवारी ते नोव्हेंबर महिना ११५० रुपये बाजूला. पोस्टातली आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, ती याला उपयोगाची नाही. आमच्या महिला मंडळात बाराजणींची भिशी आहे. त्यात ज्यांना नाताळला पैसे हवेत त्यांचा नंबर नोव्हेंबरात लावून घेतो. तुमच्याकडे बचत गट असेल तर तिथेही हे बोलून ठेवता येतं. यातलं काहीच नसेल आणि आज नोव्हेंबर उजाडला असेल, तर माणसांची यादी तशीच ठेवून ताटाचं माप कमी करा: ४ च्या ३ करंज्या, केकचा एक काप. कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून नाताळ करू नका. ते हप्ते ईस्टरपर्यंत पुरतात.

पैसे जमले की ते तीन पाकिटांत रोख काढून ठेवते: फराळ, जेवण, बाकी. एरवी मी सगळीकडे यूपीआय वापरते, पण या तीन आठवड्यांत नाही. पन्नास आणि ऐंशी रुपयांचे पंधरा व्यवहार फोनवर दिसतही नाहीत. पाकिटातली नोट कमी झालेली हाताला कळते. किराणा दुकानात खातं असेल तर नाताळचं सामान त्या खात्यावर लिहू नका, रोखीने वेगळं बिल करून घ्या.

आणि वाटणीबद्दल. आमच्याकडे २५ ला मामा-मामी आणि धाकटे दीर सहकुटुंब येतात. पूर्वी सगळा खर्च एका घरावर पडायचा आणि कोणी काही बोलायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मी मामांना फोन केला.

"मामा, सलाम. यंदा मटण तुम्ही आणाल का? तुमच्याइतकं चांगलं पारखून कोणी आणत नाही."

"अगं, हे आधी का नाही सांगितलंस? दरवर्षी रिकाम्या हाताने यायला मलाच अवघड वाटायचं."

तेव्हापासून मटण मामांकडे, गोड जाऊबाईंकडे. वरची बेरीज मात्र सगळ्यांचं मिळून आहे. मोकळेपणाने विचारा. वस्तू सांगा, रक्कम सांगू नका. मोठ्या माणसाकडून पैसे मागणं आपल्याकडे बरं दिसत नाही, पण "मटण तुमच्याकडे" या शब्दांत मान आहे.

पाचवी पायरी: आगमनकाळाच्या चार रविवारांना कामं वाटा

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनाचे. यंदा ते २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर. उपासनेहून आल्यावर दुपारी तासभर यालाच द्यायचा. खरेदीही याच क्रमाने लावली की शेवटच्या आठवड्यात दुकानात जायची वेळ येत नाही, आणि घाईच्या खरेदीतच पैसे जातात.

२९ नोव्हेंबर: यादी, भाव, बेरीज. त्या आठवड्यात सुकामेवा. दिवाळीची भेटखोक्यांची गर्दी ओसरलेली असते आणि नाताळची सुरू व्हायची असते.

सुकामेव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे माहिती असली तर चांगले पैसे वाचतात. काजूवर जे ३२० किंवा २४० लिहिलेलं असतं तो एका पौंडात मावणाऱ्या काजूंचा आकडा आहे. आकडा जितका लहान, काजू तितका मोठा आणि महाग. केकमध्ये तो चिरूनच घालायचा असतो, म्हणून अख्खा काजू घेण्यात अर्थ नाही. काजू तुकडा मागा. चव तीच, किलोमागे शंभर-दोनशे रुपयांचा फरक पडतो. चिवड्याला पाकळी चालते. मनुका आपल्याच मुलखातल्या, तासगाव-सांगलीकडच्या घ्या. द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात आणि बेदाणा त्याच सुमारास होतो, म्हणजे डिसेंबरात तो आठ-नऊ महिन्यांचा झालेला असतो. म्हणून मूठभर हातात घेऊन दाबून पाहा. मऊ असावा, एकमेकांना चिकटून गोळा झालेला नसावा. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे साखरेत मुरवलेले तुकडे. ती केकला रंग देते, पण तिला बदाम-पिस्त्यांच्या तोडीचे पैसे मोजू नका.

६ डिसेंबर: मैदा, साखर, डाळी, पोहे, तेल, तूप, खोबरं. २०२५ मध्ये नारळ आणि खोबरं फार कडाडलं होतं, त्यामुळे सारणात मी थोडा भाजलेला रवा वाढवला. करंजी हलकी झाली, कोणाची तक्रार आली नाही. तेलाच्या पिशवीवर लिटर न पाहता ग्रॅम पाहा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण आता बाजारात ८००-८५० ग्रॅमच्याही पिशव्या असतात, दिसायला तेवढ्याच. पाकिटावर एका ग्रॅमला, मिलिलिटरला, किलोला किंवा लिटरला किती पडतं ती किंमत छापलेली असते, दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करा. सुट्ट्या धान्याला जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या पीठ-तांदूळ-डाळीला ५ टक्के आहे. भाजणीसाठी तांदूळ आणि डाळी भुसार दुकानातून सुट्ट्या आणून, निवडून, भाजून गिरणीत दळा. तयार भाजणीच्या जवळजवळ अर्ध्यात होते. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून बटर, तूप आणि बदाम-पिस्त्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, केक-बिस्किटांवरचा १८ वरून ५ वर. जुना साठा जुन्या किमतीने कोणी देत असेल तर विचारा.

१३ डिसेंबर: शंकरपाळी आणि चिवडा. दोन्ही तीन आठवडे सहज टिकतात. याच सुमारास अंडी घ्या. हिवाळ्यात मागणी वाढते म्हणून डिसेंबरात अंडी चढतात. अंड्यांचे रोजचे भाव राष्ट्रीय अंडी समन्वय समिती शेकड्यावर जाहीर करते, पुण्याचा भावही त्यात असतो. तो पाहून ठोक दुकानातून ३० चा ट्रे आणा. फ्रिजमध्ये अंडं तीन आठवडे नीट राहतं. शंका आली तर पाण्यात टाका: तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर लवकर वापरा, तरंगलं तर फेका.

त्याच आठवड्यात बेकरीत नंबर लावा. मोहल्ल्यातल्या बेकरीत आपलं पीठ नेऊन केक भाजून घेण्याची सोय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. १८-१९ तारीख मागा. २२ नंतर रांग लागते आणि टिन रात्री उशिरा हातात येतो. घरचा केक आम्हाला भाजणावळीसकट ३९० रुपयांना पडला, सव्वा किलो. बटरऐवजी मार्गारीन घालून यात बचत करू नका. केकचा वास बटरचा असतो आणि तो दारातूनच कळतो. रंगासाठी बाजारचा रंग नको. दोन-तीन चमचे साखर कढईत काळसर होईपर्यंत जाळा, त्यात गरम पाणी जपून घाला. हाच आमच्या आजीचा केकचा रंग.

मनुका भिजवायला आम्ही संत्र्याचा रस वापरतो. नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, म्हणजे नेमका स्वस्ताईच्या दिवसांत. रसात सुकामेवा दहा मिनिटं मंद उकळून रात्रभर झाकून ठेवा. रममध्ये महिनाभर मुरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण रसात तसं ठेवलं तर आंबतं.

२० डिसेंबर: करंज्या आणि चकल्या. एकाच दिवशी, एकाच कढईत, आधी करंज्या मग चकल्या. असं केलं की तेल दुसऱ्यांदा ओतावं लागत नाही. तळून उरलेलं तेल गाळून आठवडाभरात फोडणीत संपवा, पुन्हा तळणाला लावू नका. याच दिवशी मटण-चिकनवाल्याकडे नाव लिहा. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात २४ च्या संध्याकाळी उभं राहिलं आहे ज्यांनी, त्यांना कारण सांगायला नको.

यंदाची खास गोष्ट: मार्गशीर्ष

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, म्हणून मार्गशीर्ष पुढे सरकला आहे आणि नाताळ त्यातच येतो. २४ डिसेंबर गुरुवार आहे. याचे खरेदीवर दोन परिणाम होतात. बुधवार-गुरुवारी फळं आणि फुलं महागतात, कारण घरोघरी पूजा असते. संत्री, केळी, नारळ मंगळवारीच आणून टाका. दुसरं, पेठांमधल्या मटणाच्या दुकानांत त्या दिवशी गर्दी कमी असते. कॅम्पापेक्षा तिथे लवकर काम होतं.

पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ताटांची आहे. आमच्या २२ घरांपैकी ९ घरं महिनाभर अंडं-मांस खात नाहीत, त्यातली दोन जैन आहेत. त्यांच्या ताटात केक ठेवून "तुम्हाला चालत असेल तर खा" म्हणणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना यंदा केकच्या जागी शंकरपाळी जास्त आणि मटाराची करंजी. मटार डिसेंबरात स्वस्त असतो. मटार-करंज्या त्याच दिवशी तळून द्यायच्या, कारण त्या टिकत नाहीत. त्यांच्यासाठी कढई, झारा, तेल वेगळं, आणि ताटाला आधी मोजून निराळा रुमाल. १८ काप कमी लागतात, घरचे दोन-चार काप कमी केले की यंदा केक ४ पुरतील: बटर पाव किलो, अंडी ५ आणि सुकामेवा पाव किलो वाचले. शेजाऱ्याचा उपास सांभाळताना आपले साडेतीनशे-चारशे रुपयेही वाचतात.

वसई, गोवा

वसईकडच्या आणि गोव्यातल्या घरांत खर्चाचा भार नारळ, अंडी आणि डुकराच्या मांसावर असतो. दोदोलला नारळाचा रस आणि काळा गूळ पुष्कळ लागतो, बेबिंकाला अंड्यांचे बलक. हे दोन्ही करायचे असतील तर एकच मोठं करा, दुसरं विकत थोडं आणा. बलक वापरून उरलेले पांढरे भाग फेकू नका, नारळाच्या बिस्किटांना लागतात. सोरपोतेल आणि विंदालू हे डुकराच्या मांसाचे प्रकार व्हिनेगरमुळे दोन-तीन दिवसांनी जास्त चवदार लागतात, म्हणून मांस २२ लाच आणून, करून, फ्रिजमध्ये ठेवून रोज एकदा उकळी द्या. २४ च्या भावाला आणि रांगेला तुम्हाला तोंड द्यावं लागत नाही. कुलकुल (तळलेल्या छोट्या गोड शिंपल्या) मुलांच्या हाताने होतात, काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर. स्वस्तात स्वस्त आणि घरात सगळ्यात जास्त आवाज करणारा पदार्थ.

कॅरलची रात्र

यावर खर्च थोडा, पण तयारी लागते. मंडळी रात्री अकराला येतात, ढोलकी-पेटी घेऊन, थंडीत. दोन लिटर दूध त्या दिवशी जास्तीचं घेऊन ठेवा, आलं ठेचून ठेवा, चिवडा कागदी द्रोणांत आधीच भरून ठेवा, प्रत्येकी मूठभर. बाहेरून सामोसे मागवायचा मोह होतो. २५ सामोसे म्हणजे पाचेकशे रुपये, आणि तोवर ती मुलं चार घरी खाऊन आलेली असतात. त्यांना हवा असतो गरम चहा आणि एखादं गाणं आपणही त्यांच्याबरोबर म्हणावं, एवढंच. आमच्या आजी पलंगावरूनच दुसरा आवाज धरायच्या.

२७ तारखेचं काम

२७ ला दुपारी, घर जरा निवांत झालं की, वही उघडून तीन गोष्टी लिहा: काय उरलं, काय कमी पडलं, कोण नवं आलं. नंतर लिहू म्हटलं तर जानेवारीत काहीही आठवत नाही. शिल्लक दहा टक्क्यांतलं काही उरलं असेल तर ते तसंच पाकिटात ठेवून त्यावर पुढच्या वर्षाचा आकडा घाला.

माझ्या वहीत २७ डिसेंबर २०२५ खाली असं लिहिलेलं आहे: शंकरपाळी १ किलो उरली, पुढच्या वर्षी मैदा ३ किलो पुरे. चकल्या १२ कमी. दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू, दोन लहान मुलं, ताट २३. निळ्या झाकणाचा डबा अजून आपल्याकडे.